ठिणगीची वेळ : जुन्या मोटारसायकलच्या पुनर्बांधणीतील प्रज्वलनकालाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अंतर्ज्वलन इंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पडावी, हा प्रश्न मोटारसायकलच्या इतिहासात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी सोडविला आहे. आरंभी हे काम चालकाच्या हाती होते, पुढे ते यांत्रिक रचनेकडे गेले आणि अखेरीस इलेक्ट्रॉनिक परिपथात सामावले गेले. जुने इंजिन पुन्हा बांधले जाते तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहतो. प्रस्तुत लेखात मद्रास येथे तयार झालेल्या ३५० सीसी बुलेटच्या उदाहरणाच्या आधारे प्रज्वलनकालातील दोष शोधण्याच्या रीतीचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. पुस्तिकेतील आकडा हा विशिष्ट काळाचा दस्तऐवज असून त्याचा अर्थ लावण्याचे ज्ञान कारागिरांकडे अलिखित स्वरूपात राहिले आहे. जुन्या यंत्राच्या जतनात या ज्ञानाचे जतन अंतर्भूत असले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रज्वलनकाल, मॅग्नेटो, पॉइंट, पुनर्बांधणी, अलिखित ज्ञान, तंत्रज्ञानाचा इतिहास

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे यंत्र कोणी, कोठे व केव्हा निर्माण केले याची नोंद होते. ते पुढील पन्नास वर्षे कोणी चालते ठेवले याची नोंद क्वचितच होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले आणि वापर, देखभाल व दुरुस्ती यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान दिले. भारतासारख्या देशात, जेथे वाहने दोन-दोन पिढ्या वापरली जातात, तेथे या दृष्टिकोनाचे महत्त्व विशेष आहे.

दुरुस्तीच्या इतिहासाचे एक अत्यंत सूक्ष्म उदाहरण म्हणून प्रज्वलनकालाकडे पाहता येते. गॅरेजमध्ये यालाच ‘टायमिंग’ म्हणतात. पूर्णपणे उतरवून पुन्हा बांधलेले जुने इंजिन अनेकदा पहिल्या किकला दाद देत नाही. सुरू झाले तर तापते, खडखडते किंवा सायलेन्सरमधून फटाके काढते. सर्व भाग नवे किंवा दुरुस्त केलेले असताना दोष कोठे आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. कारण दोष कोणत्याही एका भागात नसतो, तो भागांच्या परस्परसंबंधात असतो. हा संबंध कसा घडला, तो कोण सांभाळत होते आणि आज तो पुन्हा कसा जुळवावा लागतो, याचा मागोवा पुढे घेतला आहे.

२. प्रश्नाचा उगम

प्रज्वलनकालाचा प्रश्न इंजिनाच्या वेगातून जन्माला आला. १८६० मध्ये एतिएन लन्वार यांनी वायूवर चालणाऱ्या इंजिनात विद्युत ठिणगी वापरली होती. परंतु त्या इंजिनात मिश्रणाचे संपीडन होत नव्हते व गतीही मंद होती. निकोलाउस ऑटो यांच्या १८७६ मधील चार आघातांच्या इंजिनात प्रज्वलनासाठी ज्योत वापरली जाई. गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये कानश्टाट येथे बनविलेल्या दुचाकीत तप्त नळीची योजना होती. बाहेरून ज्योतीने तापविलेल्या नळीत मिश्रण दाबले गेले की ते पेटे. ते नेमके केव्हा पेटावे हे ठरविण्याचे साधन चालकाच्या हाती नव्हते. नळीचे तापमान व मिश्रणाचे संपीडन यांवर ते अवलंबून राही.

१८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दिओं-बूतों कंपनीच्या लहान, वेगवान इंजिनाने हे चित्र पालटले. जॉर्ज बूतों यांनी त्यात विद्युतघट, कॉइल व कॅमने उघडणारा संपर्कबिंदू यांची योजना केली. फिरणाऱ्या कॅमने संपर्क मोडला की ठिणगी पडे. म्हणजे ठिणगीचा क्षण प्रथमच इंजिनाच्या फिरण्याशी यांत्रिक रीतीने बांधला गेला. त्यामुळे इंजिन मिनिटाला दीड हजारांहून अधिक फेरे घेऊ शकले. वेग वाढताच एक नवीन अडचण पुढे आली. मिश्रण पेटल्यापासून त्याचा दाब शिखरास पोहोचेपर्यंत काही अल्प काळ जातो. हा काळ वेगाच्या प्रमाणात तितकासा घटत नाही. पिस्टन मात्र वेगाने पुढे निघून जातो. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीस क्रँकशाफ्ट एक अंश फिरण्यास सेकंदाचा सुमारे अठराहजारावा भाग पुरतो. म्हणून पिस्टन सर्वोच्च बिंदूस पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडणे आवश्यक ठरते आणि गती वाढेल तसा हा आगाऊपणाही वाढवावा लागतो.

येथे एक विरोध निर्माण होतो. वेगात चालणाऱ्या इंजिनास जो आगाऊपणा हितकर, तोच सुरू करताना घातक असतो. संथ फिरणाऱ्या इंजिनात ठिणगी फार लवकर पडली, तर वाढता दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच उलट ढकलतो. मोटारींच्या आरंभकाळात हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे अपघात याच कारणाने घडत. मोटारसायकलवर हाच आघात किकमार्गे पायावर येतो. प्रज्वलनकालाचा पुढील सर्व इतिहास हा विरोध सोडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

३. हाताकडून यंत्राकडे

स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कर्मशाळेने १८९७ मध्ये द दिओं-बूतों तीनचाकीला चुंबकीय प्रज्वलनयंत्र बसविले. १९०२ मध्ये तेथील गोटलोब होनोल्ड यांनी उच्चदाब मॅग्नेटो व त्यास अनुरूप स्पार्क प्लग सिद्ध केला. मॅग्नेटोस बॅटरी लागत नसल्यामुळे मोटारसायकलसाठी तो विशेष सोयीचा ठरला. या तंत्रावरील जर्मन वर्चस्व इतके होते की १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटनला मॅग्नेटोची तीव्र टंचाई जाणवली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनविणारी कंपनी ताब्यात घेतली. पुढील अर्धशतक ब्रिटिश मोटारसायकलच्या विद्युतव्यवस्थेवर लुकासचा ठसा राहिला. हीच परंपरा भारतातही आली. १९५१ मध्ये बॉशच्या सहभागाने बंगळूर येथे मायको आणि १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस या कंपन्या स्थापन झाल्या. त्यानंतर भारतीय कारागिराच्या हाती येणारे प्लग, कॉइल व पॉइंट देशी बनावटीचे होऊ लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक मोटारसायकलींच्या हँडलवर ब्रेक व क्लच यांच्या जोडीला एक लहान लिव्हर असे. ठिणगी पुढे-मागे करण्याचे काम त्याने होई. सुरू करताना चालक ठिणगी मागे घेई, इंजिन वेग धरू लागले की पुढे करी आणि चढावर इंजिन कण्हू लागले की पुन्हा थोडी मागे ओढी. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम-२० व नॉर्टन १६-एच या लष्करी गाड्यांवरही असे लिव्हर होते. युद्धानंतर अशा गाड्या भारतातही नागरी वापरात आल्या. त्या चालविणाऱ्यास इंजिनाचा आवाज ऐकून ठिणगीची वेळ ठरवावी लागे. त्या काळी वाहन चालविणे व इंजिन जुळविणे ही दोन वेगळी कामे नव्हती.

यानंतर हे काम स्वयंचलित झाले. फिरत्या अक्षावर बसविलेली दोन लहान वजने गती वाढली की केंद्रापासून दूर फेकली जातात व स्प्रिंगांचा ताण मोडून कॅमला किंचित पुढे वळवितात. गती घटली की स्प्रिंगा त्यांना मूळ जागी आणतात. चालकाच्या कानाने व बोटाने होणारा निर्णय आता वजने व स्प्रिंगा घेऊ लागल्या. या बदलाने मोटारसायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली हे खरे. तथापि ठिणगीच्या वेळेचे भान चालकाकडून कारागिराकडे सरकले. १९६९ मधील कावासाकी एच-१ सारख्या गाड्यांपासून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन दुचाकींत रुजू लागले. पॉइंट नाहीसे झाले, त्यांची झीज नाहीशी झाली आणि कारागिराकडील निर्णयही कमी झाला. आजच्या इंधन-अंतःक्षेपण असलेल्या इंजिनात हा निर्णय संगणकीय नकाशात साठविलेला असतो व कोणाच्याही हातास लागत नाही.

४. मद्रासची बुलेट : एक उदाहरण

या तीन अवस्थांपैकी मधल्या अवस्थेचा भारतातील सर्वांत दीर्घायुषी प्रतिनिधी म्हणजे ३५० सीसी बुलेट होय. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४९ मध्ये मागील निलंबनासह नव्या रचनेची बुलेट बाजारात आणली. भारतीय लष्कराच्या मागणीतून ही गाडी या देशात रुजली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. प्रारंभी आयात सुटे भाग जोडून व पुढे येथेच भाग बनवून उत्पादन होऊ लागले. मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या सुमारास मोटारसायकल उत्पादनातून बाहेर पडली. मद्रासचे उत्पादन मात्र चालूच राहिले आणि १९७७ पासून ही गाडी इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. ओतीव लोखंडी सिलिंडर व स्वतंत्र गिअरबॉक्स असलेले हे जुने इंजिन किरकोळ फेरफारांसह २०१० च्या सुमारास उत्पादनातून गेले. एकच मूळ रचना इतका दीर्घ काळ टिकल्यामुळे तिच्याभोवती दुरुस्तीची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली.

या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, आघात ९० मिलिमीटर व घनफळ ३४६ सीसी. पॉइंट, कंडेन्सर आणि वजनांची स्वयंचलित रचना डिस्ट्रिब्यूटरमध्ये असते व तो इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. पुस्तिकेप्रमाणे पॉइंटांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी आणि वजने पूर्ण मिटलेली असताना पिस्टन सर्वोच्च बिंदूच्या ०.८ मिलिमीटर खाली आला असता पॉइंट उघडू लागावेत.

हे मोजमाप किती नाजूक आहे हे भूमितीने स्पष्ट होते. ०.८ मिलिमीटर म्हणजे क्रँकशाफ्टचे साधारण साडेनऊ अंश. सर्वोच्च बिंदूजवळ पिस्टन जवळजवळ स्थिर असतो. त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन अंश क्रँक फिरला तरी पिस्टन मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही सरकत नाही. म्हणून प्लगच्या छिद्रातून सळई घालून ‘ती वर यायची थांबली तो सर्वोच्च बिंदू’ असे मानणाऱ्याची आरंभीच काही अंशांची चूक होते. शिवाय प्लगचे छिद्र तिरके असल्यामुळे सळईचे सरकणे म्हणजे पिस्टनचे सरकणे नव्हे. त्यातच डिस्ट्रिब्यूटर निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे त्यावरील एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. पुस्तिकेतील एक आकडा पाळण्यासाठी इतक्या गोष्टींचे भान लागते आणि त्यांपैकी फार थोड्या त्या पुस्तिकेत सांगितलेल्या असतात.

या गाडीच्या हेडलाइटच्या घुमटीवरील अँपिअरमापक हे या संदर्भात विशेष बोलके साधन आहे. चावी फिरविल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर काटा वजा बाजूस झुकतो. ते उघडताच मध्यावर येतो. जुने चालक सावकाश किक दाबत काटा मध्यावर आणीत, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे नेत आणि मग पूर्ण जोराने किक मारीत. विद्युतभार दाखविण्यासाठी दिलेल्या मापकाचा वेळ पाहण्यासाठी झालेला हा उपयोग म्हणजे, हँडलवरील लिव्हर गेल्यावरही चालकाने ठिणगीशी राखलेला अखेरचा संबंध होय.

५. दोष शोधण्याची रीत

पुनर्बांधणीनंतरचा दोष शोधताना लक्षणांपासून सुरुवात करणे स्वाभाविक असले तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. ठिणगी लवकर पडत असेल तर किक उलटी बसते, चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते आणि दीर्घकाळ तसेच चालविल्यास पिस्टनच्या माथ्यास इजा होते. ठिणगी उशिरा पडत असेल तर ओढ कमी होते, जळते वायू बाहेर पडतानाही तापलेले राहतात व एक्झॉस्ट नळी निळसर पडते. परंतु यांपैकी बहुतेक लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. कार्बुरेटरमधील मिश्रण पातळ असणे, सेवनमार्गात हवा शिरणे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट न बसणे, गरम झाल्यावर कंडेन्सर निकामी होणे या सर्वांची छाया प्रज्वलनकालाच्या दोषासारखीच पडते.

अनुभवी कारागीर म्हणूनच ठरावीक क्रम पाळतो. प्रथम पॉइंटांची फट. नंतर स्वयंचलित वजनांची हालचाल. त्यानंतर सर्वोच्च बिंदूची निश्चिती. मग पॉइंट उघडण्याचा क्षण. आणि सर्वांत शेवटी कार्बुरेटर. या क्रमामागे सबळ कारण आहे. फट वाढविली की कॅम पॉइंटांना लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी पुढे सरकते. फट घटविली की मागे जाते. म्हणून आधी टायमिंग लावून मागाहून फट बदलणारा स्वतःचेच काम बिघडवितो. नव्या पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून सुरुवातीस झिजते, फट मिटत जाते व टायमिंग हळूहळू मागे पडते. नव्याने बांधलेल्या इंजिनाची पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी करण्याचा प्रघात यातूनच पडला आहे.

सर्वोच्च बिंदूच्या निश्चितीसाठी क्रँकशाफ्टवर अंशांची तबकडी लावून, पिस्टनला बिंदूच्या अलीकडे व पलीकडे समान खोलीवर थांबवून दोन नोंदी घेतल्या जातात. त्यांचा मध्य हाच खरा सर्वोच्च बिंदू. पिस्टन जेथे मंद असतो तेथे मोजण्याऐवजी जेथे तो स्पष्टपणे हलतो तेथे मोजून मध्य काढण्याची ही युक्ती आहे. तिरक्या छिद्रामुळे येणारी चूकही अशाने मोजमापातून वगळली जाते, कारण ती दोन्ही बाजूंस सारखीच पडते. पॉइंट उघडण्याचा क्षण ओळखण्यासाठी पॉइंटांमध्ये पातळ कागद धरून तो अलगद सुटतो केव्हा हे पाहण्याची जुनी रीत आहे. चाचणी दिवा किंवा अँपिअरमापकाचा काटाही हेच सांगतो. चार आघातांच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येत असल्यामुळे संपीडनाचा आघात कोणता, याची खात्री दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत हे पाहून करावी लागते. ही खात्री न केल्यास ठिणगी पूर्ण एका फेऱ्याने चुकते व कार्बुरेटरमधून आग फेकली जाऊ शकते.

सर्वांत फसवा दोष स्वयंचलित वजनांचा असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीत ही वजने गंजून अडकतात किंवा स्प्रिंगा ढिल्या होतात. वजने मिटलेल्या स्थितीत अडकली तर गाडी सहज सुरू होते, पण वेग धरत नाही. अशा वेळी डिस्ट्रिब्यूटर थोडा वळवून ठिणगी पुढे घेतली की ओढ सुधारते आणि दोष गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात एका चुकीने दुसरी झाकलेली असते. पुढे कोणी वजने साफ करून मोकळी केली की वेग धरताना ठिणगी एकाएकी फार पुढे जाते आणि दोष शेवटच्या कारागिराच्या माथी येतो. हस्तलिखिताच्या नकलेत एका लेखनिकाने केलेली चूक दुसऱ्याने तर्काने ‘सुधारली’ तर मूळ पाठ अधिकच दूर जातो. संहितेच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा अनुभव येथे लोखंडात येतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे : प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय परिणामावरून कारणाचा निर्णय करू नये.

६. बदललेले इंधन आणि आकड्याचा अर्थ

०.८ मिलिमीटर हा आकडा सार्वकालिक नाही. विशिष्ट संपीडन असलेल्या इंजिनात, त्या काळी मिळणाऱ्या पेट्रोलवर तो ठरविला गेला. पुनर्बांधणीत सिलिंडरला बोअर मारून मोठा पिस्टन घातला, वेगळ्या माथ्याचा पिस्टन वापरला किंवा हेडचा पृष्ठभाग तासला, तर संपीडन बदलते आणि आकड्याचा आधार सरकतो.

इंधनाचा बदल याहून मोठा आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिसेयुक्त द्रव्याचा खडखड रोखण्याचा गुण शोधला व १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. आरोग्यावरील गंभीर दुष्परिणामांमुळे भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. त्यानंतर इथेनॉलचे मिश्रण वाढत गेले. २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले, २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. उसापासून इथेनॉल बनविणाऱ्या साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्र या बदलाचा केवळ ग्राहक राहिला नाही, तो पुरवठादारही झाला.

इथेनॉलमुळे इंधनाची खडखड रोखण्याची क्षमता वाढते. या दृष्टीने जुन्या इंजिनास त्याचा लाभच होतो. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे त्याच्या ज्वलनास हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा पुरते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग. जुन्या कार्बुरेटरचा जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होते, ते सावकाश जळते, इंजिन तापते आणि गाडी सोडताना फटाके वाजतात. ही लक्षणे उशिरा पडणाऱ्या ठिणगीसारखीच आहेत. पूर्वीच्या अनुभवावर विसंबून ठिणगी पुढे घेणारा कारागीर अशा वेळी चुकीच्या जागी हात घालतो. दोष जेटमध्ये असतो. जुने ज्ञान येथे खोटे ठरलेले नाही, त्यामागील परिस्थिती बदललेली आहे. पुस्तिकेतील आकडा व कारागिराचा अनुभव या दोहोंचा काळ ओळखल्याशिवाय त्यांचा उपयोग करता येत नाही, ही इतिहासाच्या अभ्यासकास ओळखीची अट यंत्रशाळेतही लागू पडते.

७. जतन कशाचे?

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी वाहने नित्य वापरासाठी नसून प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली यांसारख्या प्रसंगी रस्त्यावर आणता येतात. वारशाच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे आहे. तथापि ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

व्यवहारात अनेक जुन्या गाड्यांत पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसविला जातो. त्याचे समर्थन करता येते. झीज टळते, ठिणगी नियमित पडते, मूळ पिस्टन व क्रँक चुकीच्या टायमिंगपासून वाचतात आणि चांगल्या प्रतीचे पॉइंट मिळविण्याची दगदगही संपते. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. परंतु पॉइंट, वजने व अँपिअरमापकाचा काटा यांच्याभोवती उभा असलेला व्यवहार यामुळे संपतो. याच्या उलट, मूळ पॉइंट जपून ठेवलेली पण कधीच सुरू न होणारी गाडी वस्तू म्हणून पूर्ण असते. तिची फट कशी लावावी हे मात्र तिच्याकडे पाहून कळत नाही. दोन्ही मार्गांनी काहीतरी जपले जाते व काहीतरी हरवते. हरवणारी गोष्ट दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहे, ती म्हणजे यंत्र जुळविण्याचे ज्ञान.

मायकेल पोलान्यी यांनी अशा ज्ञानास अव्यक्त ज्ञान म्हटले. शब्दांत सांगता येते त्याहून अधिक माणसास ठाऊक असते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. भारतात १९५० पासूनच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेने व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने यंत्रकामाच्या शिक्षणास औपचारिक चौकट दिली. परंतु जुन्या मोटारसायकलचे ज्ञान मुख्यतः गॅरेजमध्ये, मिस्त्रीच्या हाताखाली पाने उचलून देता देता मिळत आले. ‘पॉइंट घासणे’, ‘टायमिंग लावणे’, ‘इंजिन बांधणे’ या शब्दप्रयोगांत ते साठलेले आहे. त्यांतील ‘बांधणे’ हे क्रियापद विशेष अर्थपूर्ण आहे. सुटे भाग जोडणे आणि ते एकमेकांशी बांधलेले असणे यांतला फरक या एका शब्दाने सांगितला जातो. कार्बुरेटर व पॉइंट अभ्यासक्रमाच्या व बाजाराच्या कडेला गेल्यावर हे ज्ञान पुढील पिढीकडे जाण्याचा मार्ग अरुंद झाला आहे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) प्रज्वलनकालाचा इतिहास हा निर्णयाच्या स्थलांतराचा इतिहास आहे. ठिणगीची वेळ ठरविण्याचा अधिकार चालकाच्या हाताकडून वजने व स्प्रिंगांकडे आणि तेथून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेला. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली व माणसाचा सहभाग घटला.

(२) पुनर्बांधणी केलेल्या इंजिनातील टायमिंगचा दोष हा बहुधा संबंधांचा दोष असतो. फट, वजने, सर्वोच्च बिंदू व इंधन यांची ठरावीक क्रमाने स्वतंत्र तपासणी केल्याशिवाय तो सापडत नाही. लक्षणांवरून केलेली तात्पुरती दुरुस्ती पुढील शोधाचा पुरावाच पुसून टाकते.

(३) दुरुस्ती-पुस्तिका हे ऐतिहासिक साधन आहे व त्यास साधनचिकित्सेचे नियम लागू होतात. त्यातील आकडे त्या काळच्या इंधनाशी व रचनेशी निगडित असतात.

(४) व्हिंटेज वाहनांच्या जतनाची कल्पना वस्तूपुरती मर्यादित न ठेवता तिच्या देखभालीच्या रीतीपर्यंत विस्तारली पाहिजे.

या अखेरच्या मुद्द्याबाबत महाविद्यालयांना करण्यासारखे बरेच आहे. इतिहास विभागाने जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने आपल्या गावातील ज्येष्ठ मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या, एका इंजिनाचे टायमिंग आरंभापासून अखेरपर्यंत लावताना त्यांच्या हातांची हालचाल नोंदविली आणि त्यांच्या परिभाषेचा लहानसा कोश तयार केला, तरी स्थानिक इतिहासाचे एक मोलाचे साधन निर्माण होईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही; परंतु विलंब परवडणारा नाही. मॅग्नेटोचे लिव्हर हाताळलेली पिढी बव्हंशी मागे पडली आहे. पॉइंटांमधला कागद कोणत्या क्षणी सुटतो हे बोटांनी ओळखणारी पिढी अद्याप गॅरेजमध्ये काम करीत आहे, तोवरच ही नोंद होऊ शकते.